शतावरी म्हणजे ॲस्परॅगस? मोबाईल हो म्हणतो, शेत नाही म्हणतं

फेब्रुवारीत खानापूर तालुक्यातल्या एका गावातून फोन आला. पलीकडे साठीतले एक शेतकरी काका. "तुम्ही पेपरवाले ना? मग एक सांगा की. आपली शतावरी आणि ते गोव्याच्या हॉटेलात खातात ते ॲस्परॅगस, एकच काय वेगळं?"

मी म्हटलं, "वेगळं, काका."

थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाले, "मग मी एक एकर काय लावलो?"

दुसऱ्या दिवशी गेलो. शेत बघण्यासारखं होतं. तारांवर चढवलेल्या हिरव्यागार वेली, बारीक सुयांसारखा पाला, मधूनमधून लाल फळं. वेली वळवताना काट्यांनी काकांचे दोन्ही हात ओरबाडले होते. पीक उत्तम आलं होतं, दोष पिकात नव्हताच. दोन वर्षांपूर्वी एक एजंट रोपं देऊन गेला. इंग्रजीत यालाच ॲस्परॅगस म्हणतात, गोव्याच्या फाइव्ह स्टार हॉटेलांत किलोवर मिळत नाही, जुडीवर मिळतं, आणि माल आम्हीच उचलणार, असं त्यानं सांगितलं. काका काही भोळे नाहीत. त्यांनी मुलाला मोबाईलवर शब्द घालून बघायला सांगितलं. मोबाईलनं उत्तर दिलं : शतावरी. "मोबाईलपण हो म्हटला, मग मी पण हो म्हटलो," काका म्हणाले.

मोबाईल पूर्ण खोटं बोलला असं नाही. शब्दकोशांतही 'ॲस्परॅगस'समोर शतावरी दिलेलं सापडतं. बेळगावच्या एका हॉटेलच्या मेनूकार्डावर मी स्वतः 'शतावरी सूप' वाचलंय, आणि शेजारच्या टेबलावरच्या आजी सुनेला म्हणत होत्या, "हे घे, दूध येतं." सुनेसमोर जे आलं त्याचा बाळंतिणीच्या औषधाशी काही संबंध नव्हता. तिथं हसण्यावारी गेलं. काकांच्या शेतात ते हसण्यावारी जाणारं नाही, म्हणून हा लेख.

आडनाव एक, घरं वेगळी

आपल्याकडे हा शब्द तीन ठिकाणी भेटतो आणि तिन्ही ठिकाणी वनस्पती वेगळी असते.

पहिलं ठिकाण फुलवाल्याचं दुकान. बुके बांधणाऱ्याला विचारा, गुलाबांच्या मागे जो धुरासारखा मऊ, हिरवा पाला लावतो त्याला तो 'ॲस्परॅगस' म्हणेल, नाहीतर नुसतं 'फर्न' म्हणेल. ते फर्न, म्हणजे नेचा, नाही. ती दक्षिण आफ्रिकेकडची शोभेची जात, शास्त्रीय नाव ॲस्परॅगस सेटेशियस. ती खायची नाही.

दुसरं ठिकाण मॉलमधला फ्रीज. रबरबँड लावलेली हिरव्या कोंबांची जुडी, टोकाला मिटलेल्या कळीसारखा शेंडा. ही भाजी, ॲस्परॅगस ऑफिसिनॅलिस. मूळची युरोप, पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेची.

तिसरं ठिकाण आपलं कुंपण, डोंगरकड आणि काष्ठौषधीचं दुकान. ही शतावरी, ॲस्परॅगस रेसिमोसस. सह्याद्रीत, चोर्ला-कणकुंबीच्या बाजूला, ओढ्याकाठच्या झुडपांत ती आपोआप उगवते.

लॅटिन नावांत आडनाव आधी आणि नाव नंतर येतं, एवढं लक्षात ठेवलं की पुष्कळ गोंधळ सुटतो. ॲस्परॅगस हे आडनाव. या आडनावाच्या जगात दोनशेच्या वर जाती आहेत. बेळगावात पाटील आडनावाची माणसं मराठी बोलणारीही आहेत, कानडी बोलणारीही आहेत. आडनाव एक म्हणून कुणी एकाचं कर्ज दुसऱ्याकडून वसूल करत नाही. इथं मात्र एका जातीचा बाजारभाव दुसऱ्या जातीच्या रोपांवर लावून विकला गेला.

नावातली गंमत पुढेच आहे. 'ऑफिसिनॅलिस' या लॅटिन शब्दाचा अर्थ औषधाच्या दुकानातला, भांडारातला. म्हणजे आज जी निव्वळ भाजी म्हणून खाल्ली जाते तिच्या नावात औषध आहे, आणि जी आपल्याकडे शेकडो वर्षं औषध आहे तिच्या नावात 'रेसिमोसस', म्हणजे फक्त घोसाघोसानं फुलणारी, एवढंच. भाजीचं हे नाव लिनियसनं 1753 साली छापलं. युरोपातही त्याआधी ती मुळं औषधवाल्यांकडे विकली जायची, त्याची ही खूण.

शेतात दोघींना ओळखणं अवघड नाही. शतावरी चढते, तिला उलटे वाकडे काटे असतात, जुनी वेल लाकडासारखी होते. भाजीचं ॲस्परॅगस सरळ उभं वाढतं, काटा नसतो, आणि थंडी पडली की वरचा भाग वाळून जातो. खालच्या बाजूला फरक आणखी मोठा. शतावरी उपटली की एका गड्ड्याभोवती बोटाएवढ्या जाड, दोन्ही टोकांना निमुळत्या मुळ्यांचा झुबकाच्या झुबका निघतो, बघितल्यावर 'शत' कुठून आलं ते विचारावं लागत नाही. भाजीच्या ॲस्परॅगसची मुळं दोरीसारखी लांबट, आणि त्यांना कुणी खणून विकत नाही, कारण विकायचा माल वर येतो. शतावरीत धन जमिनीखाली, ॲस्परॅगसमध्ये जमिनीच्या वर. काकांना मी एवढंच आधी सांगितलं आणि त्यांना बाकीचं आपोआप कळलं.

दोघींमध्ये एक गोष्ट सारखी आहे. आपण ज्याला पाला म्हणतो, त्या हिरव्या सुया, ती पानं नव्हेतच, त्या बारीक फांद्या आहेत. खरी पानं खवल्यांसारखी उरलीत. मॉलमधल्या कोंबावर जी तिकोनी खवलं दिसतात ती पानं. लाल फळं दोघींनाही येतात आणि ती खायची नसतात. घरात लहान मुलं असतील तर कुंडीतल्या शोभेच्या ॲस्परॅगसबद्दलही हे ध्यानात ठेवा.

जाता जाता, आता शास्त्रज्ञांनी हे कुळ मोठं केलंय. निशिगंध याच कुळात, घायपात याच कुळात, सफेद मुसळीही याच कुळात. जिच्या शास्त्रीय नावात चक्क मुंबईचं बोरिवली आहे, ती क्लोरोफायटम बोरिविलिॲनम हीच. आणि कांदा-लसूण जरा लांबचे, पण त्याच गणातले.

शंभर मुळ्या, पुष्कळ मुलं आणि सोडलेलं पाणी

सीमाभागात राहण्याचा एक फायदा असा की एका झाडाची चार नावं घरबसल्या ऐकायला मिळतात.

शतावरीतला 'शत' म्हणजे शंभर, यात वाद नाही. पुढच्या 'वरी'चे अर्थ लावणारे अनेक. 'शंभर नवरे असलेली' हा अर्थ इंग्रजी जाहिरातींचा फार लाडका आहे. तो वाचला की समजावं, डबा महाग असणार. संस्कृतात हिला आणखी बरीच नावं आहेत : शतमूली, शतवीर्या, नारायणी, पीवरी, आणि अमरकोशातही असलेलं एक, बहुसुता. बहुसुता म्हणजे पुष्कळ लेकरं असलेली.

आता कानडीत या. आमच्याकडच्या खेड्यांत कानडी आजीला विचारलं तर ती शतावरी म्हणेलच, पण जुनं नाव सांगेल, 'हलवु मक्कळ तायि बेरु'. हलवु म्हणजे अनेक, मक्कळ म्हणजे मुलांची, तायि म्हणजे आई, बेरु म्हणजे मूळ. अनेक मुलांच्या आईचं मूळ. संस्कृत कोशातलं बहुसुता आणि कानडी अंगणातलं हे नाव एकच गोष्ट सांगतात. कुणी कुणाकडून घेतलं हे मी सांगणार नाही, तो वाद घालायला आमच्याकडे आधीच पुरेसे विषय आहेत. गड्डा उपटून हातात धरला तर कुठल्याही भाषेतल्या माणसाला हेच सुचेल.

हैदराबादच्या वाचकांना तेलुगूतलं 'पिल्लीपीचर' माहीत असेल; त्यातली पिल्ली म्हणजे मांजर. इंदूर-ग्वाल्हेरकडे 'सतावर' म्हणतात, आणि नीमचच्या मंडीत औषधी मालाच्या ढिगांत ती याच नावानं विकली जाते. गुजरातीत शतावरीच.

पण माझं सगळ्यात आवडतं नाव तमिळ आहे : 'तण्णीरविट्टान किळंगु'. तण्णीर म्हणजे पाणी, किळंगु म्हणजे कंद. पाणी सोडणारा कंद. हे नाव लक्षात ठेवा, काकांच्या हिशेबात ते परत येणार आहे.

दुसऱ्या बाजूला 'ॲस्परॅगस' या शब्दाचा प्रवासही मजेशीर आहे. मूळ ग्रीक, तिथून लॅटिन. जर्मनीत त्याचं श्पार्गेल झालं, फ्रान्समध्ये आस्पेर्ज, पोर्तुगीजांत 'एश्पार्गु'. गोव्यातल्या जुन्या पोर्तुगीज जाणणाऱ्या घरांत कुणाला हा शब्द आठवत असेल तर जरूर कळवा. फारसीत वेगळंच, मारचोबा. मार म्हणजे साप आणि चोब म्हणजे लाकूड. इंग्रजांना मात्र ग्रीक शब्द जड गेला. सतराव्या-अठराव्या शतकात सामान्य इंग्रज त्याला 'स्पॅरो ग्रास', म्हणजे चिमणीचं गवत म्हणायचा. 1791 साली जॉन वॉकर नावाच्या कोशकारानं नोंदवून ठेवलंय की चिमणीचं गवत इतकं रूढ झालंय की ॲस्परॅगस म्हणणारा माणूस उगाच पंडिती करतोय असं वाटतं. आपल्याकडे स्टेशनला ठेसन म्हणायचे आणि स्टेशन म्हणणाऱ्याकडे लोक वळून बघायचे, तसंच हे. पुढं पंडितांचा शब्द जिंकला. भाजीच्या घाऊक व्यापारात मात्र नुसतं 'ग्रास' बराच काळ टिकून होतं.

जुडीची किंमत

ही भाजी इतकी महाग का, हा प्रश्न काकांनी विचारला आणि तो रास्त आहे.

लावल्यावर पहिल्या वर्षी काहीच काढायचं नाही. दुसऱ्या वर्षी थोडं. तिसऱ्या वर्षापासून खरी काढणी, आणि पुढं नीट सांभाळलं तर पंधरा-वीस वर्षं तोच गड्डा कोंब देतो. वर्षातले काही आठवडेच काढणी. नंतर कोंब वाढू द्यावे लागतात, पाला होऊ द्यावा लागतो, म्हणजे मुळांत पुढच्या वर्षाची शिल्लक जमा होते. जर्मनीत याचा सणच करतात. एप्रिलच्या मध्यापासून 24 जूनपर्यंत श्पार्गेलचा हंगाम, आणि 24 जूनला सुरी बाजूला. तिथं पांढऱ्या ॲस्परॅगसची चाल जास्त. जात वेगळी लागत नाही. कोंबांवर मातीची उंच वरंब ओढतात, ऊन लागू देत नाहीत, म्हणून हिरवेपणा येत नाही. मातीत हात घालून एकेक कोंब कापायचा. मजुरी तिथंही रडवते.

काढल्यावरची गोष्ट त्याहून अवघड. ॲस्परॅगसचा कोंब कापल्यावरही जोरात श्वास घेत राहतो, स्वतःतली साखर जाळत राहतो. काही तासांत गोडवा उतरतो, बुंधा लाकडी होतो. म्हणून कापल्याबरोबर गार करायचं, शून्य-दोन अंशांच्या आसपास, आणि तसंच गिऱ्हाइकापर्यंत न्यायचं. तुम्ही जुडीला जे पैसे देता त्यातला मोठा भाग थंडीचा आणि घाईचा आहे. जगात सगळ्यात जास्त ॲस्परॅगस चीनमध्ये पिकतं, आणि निर्यातीत पेरू आणि मेक्सिको पुढे आहेत.

जुडीच्या किमतीवरून एक गोष्ट आठवली, मी कॉमर्सवाला असल्यानं मला ती फार आवडते. 1880 साली पॅरिसमध्ये एदुआर माने या चित्रकारानं ॲस्परॅगसच्या जुडीचं चित्र काढलं आणि शार्ल एफ्रुसी नावाच्या संग्राहकाला 800 फ्रँकला विकलं. एफ्रुसीनं खूश होऊन 1000 पाठवले. मानेनं जादा पैशांचा हिशेब कसा मिटवला? एकाच कोंबाचं छोटं चित्र काढून पाठवलं, आणि कळवलं की तुमच्या जुडीतला एक राहिला होता. जुडी आज जर्मनीत कोलोनच्या संग्रहालयात आहे, सुटा कोंब पॅरिसमध्ये. असा हिशेब ठेवणारा एजंट आमच्या काकांना भेटला असता तर बरं झालं असतं.

दवाखान्यातला शब्द

ॲस्परॅगस हा शब्द आणखी एका जागी पोचलाय, आणि तिथं चूक फार महागात पडते.

1806 साली पॅरिसमध्ये वोक्लँ आणि रोबिके या दोघांनी ॲस्परॅगसच्या रसातून एक पदार्थ वेगळा काढला. भाजीवरून त्याचं नाव ठेवलं ॲस्परॅजिन. प्रथिनं ज्या विटांची बनतात त्यांना अमिनो आम्लं म्हणतात, त्यांतली वेगळी काढलेली ही पहिली वीट. नाव ॲस्परॅगसचं असलं तरी ती बटाट्यातही भरपूर असते. बटाटा खूप तापलेल्या तेलात तांबूस-काळा होईस्तोवर तळला की तिच्यापासून ॲक्रिलामाइड नावाचा नकोसा पदार्थ तयार होतो. आमच्या बेळगावी बटाट्यालाही तो नियम लागू.

ॲस्परॅजिन तोडणारं एक विकर आहे, ॲस्परॅजिनेज. मुलांना होणाऱ्या रक्ताच्या एका कर्करोगात, लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात, त्याचं इंजेक्शन देतात. त्या रोगाच्या पेशींना ॲस्परॅजिन स्वतः पुरेसं बनवता येत नाही. रक्तातलं तोडून टाकलं की त्यांची उपासमार होते. म्हणजे औषध ॲस्परॅजिन देण्याचं नाही, काढून घेण्याचं आहे. आणि हे विकर जिवाणूंपासून बनवतात, भाजीपासून नाही.

हे इतकं सविस्तर सांगण्याचं कारण, 'ॲस्परॅगस उकडून वाटून खाल्लं की कॅन्सर बरा होतो' असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. आता त्याचं मराठी भाषांतर फिरताना दिसतं, आणि त्यात ॲस्परॅगसच्या जागी शतावरी घातलीय. म्हणजे चुकीवर चूक. असा काही उपचार नाही. घरात कुणाचे उपचार चालू असतील तर तो मेसेज पुसून टाका आणि डॉक्टरांचं ऐका.

शतावरीच्या औषधीपणाबद्दल आपल्या घरोघरी श्रद्धा आहे. बाळंतिणीला दुधातून शतावरी कल्प देणं अजून चालू आहे, माझ्या घरातही दिलंय. मुळांत सॅपोनिन जातीची द्रव्यं आहेत, त्यांतल्या काहींना शतावरीवरूनच शतावरिन हे नाव मिळालंय. दूध वाढण्याबद्दल काही छोटे अभ्यास बाजूनं आहेत, पण मोठा, ठोस पुरावा अजून तोकडा आहे. माझं म्हणणं एवढंच : वैद्यांना किंवा डॉक्टरांना विचारून घ्या, आणि डब्याच्या मागचं बारीक अक्षर वाचा. कल्पात बहुतेक वेळा निम्म्याहून कितीतरी जास्त साखर असते. मधुमेह असलेल्या बाईला 'शक्तीचं' म्हणून आपण चमचे-चमचे साखर देत असतो. आणि मॉलमधल्या जुडीकडून दुधाची अपेक्षा ठेवू नका. ती चांगली भाजी आहे, शंभर ग्रॅममध्ये जेमतेम 20 कॅलरी, त्र्याण्णव टक्के पाणी, फोलेट आणि के जीवनसत्त्व बऱ्यापैकी. रक्त पातळ करण्यासाठी वॉर्फरिन घेणाऱ्यांनी के जीवनसत्त्वामुळे प्रमाण सांभाळावं.

एक गोष्ट पहिल्यांदा खाणाऱ्याला घाबरवते म्हणून सांगून टाकतो. ॲस्परॅगस खाल्ल्यावर लघवीला उग्र वास येतो. त्यातल्या गंधकाच्या संयुगांमुळे तसं होतं, रोग नव्हे. आणि काही माणसांना तो वास जन्मतःच येत नाही, त्यामुळे नवरा-बायकोत यावर एकमत होईलच असं नाही.

भाव सुक्याचा, वजन ओल्याचं

परत काकांच्या ओट्यावर. त्यांनी ट्रंकेतून एजंटाचा कागद काढला. छापील, रंगीत, वर हिरव्या जुडीचा फोटो. खाली हिशेब : एकरी एवढी रोपं, प्रत्येक रोपाला एवढी मुळं, एकूण पाच टन, गुणिले किलोचा भाव, बरोबर लाखोंत.

कागद वाचता वाचता दुसरी मेख दिसली. पाच टन हे वजन ओल्या मुळांचं होतं. पिकाला ते अशक्य नाही, चांगल्या जमिनीत दीड-दोन वर्षांनी एकरी तेवढं निघू शकतं. पण लावलेला भाव सोललेल्या, सुक्या मुळांचा होता. तमिळ नाव आठवलं? पाणी सोडणारा कंद. शंभर किलो ओली मुळं उकळून, वरची साल काढून, आतली दोरी ओढून, वाळवून हातात दहा-बारा किलोच राहतात. म्हणजे पाच टनांचे झाले सुमारे पाचशे किलो. एका रकान्यातलं वजन आणि दुसऱ्या रकान्यातला भाव यांचा गुणाकार करून उत्पन्न दहापट दाखवलं होतं. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आमचे सर ओरडायचे, "रकान्याचं एकक बघ!" त्या वेळी वाटायचं, काय एवढं.

आणि उकळणं, सोलणं, दोरी काढणं हे फुकट होत नाही. दिवसभर बसून एक बाई किती सोलते हे काकूंनी मला करून दाखवलं. हात कातडतात. ती मजुरी कागदावर कुठंच नव्हती. रोपांची किंमत मात्र पहिल्याच ओळीत होती, आणि ती रोख घेतलेली. माल उचलण्याचा करार होता, त्यावर कंपनीचा शिक्का होता, पत्त्यावर आता दुसरंच दुकान आहे. काका पोलिसांत गेलेत. त्याबद्दल इथं जास्त लिहीत नाही.

कुणी अशी रोपं घेऊन दारात आलं तर त्याला शास्त्रीय नाव लिहून द्यायला सांगा, आडनाव आणि नाव दोन्ही. भाव ओल्याचा की सुक्याचा, सोललेल्याचा की सालीसकट, हे कागदावर घ्या. वजन कुठल्या काट्यावर, वाहतूक कुणाची, आणि पैसे माल उचलताना की नंतर, हेही. रोपांच्या विक्रीतच ज्याचा नफा होऊन जातो, त्याला तुमची मुळं उचलायची गरज काय उरते, हा प्रश्न मनाला विचारा. शतावरीला बाजार आहे, आयुर्वेदिक औषधवाल्यांची मागणी कायम असते. पण तो बाजार सुक्या मुळ्यांचा आहे, गोव्याच्या स्वयंपाकघराचा नाही.

मग भाजीचं ॲस्परॅगसच लावलं तर? बेळगावची भाजी रोज घाट उतरून गोव्यात जाते, मग हेही जाईल, असा विचार काकांच्या मुलाच्या डोक्यात आहे. अशक्य नाही. या पिकाला विश्रांती लागते. थंड देशांत ती हिवाळ्यात मिळते, उष्ण देशांत पाणी तोडून देतात, किंवा तैवान-थायलंडमध्ये करतात तसं काही दांडे आईसारखे उभे ठेवून बाजूचे कोंब काढत राहतात. पण खानापूरचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. पाणी साचलं की गड्डा कुजतो. निचऱ्याची जमीन, दोन-तीन वर्षं थांबायची ताकद, गावात शीतगृह, आणि चोर्ला घाटात गाडी अडकली तरी माल गार राहील अशी सोय. यातलं एक जरी नसेल तर आधी दोन गुंठ्यांवर करून बघा, असं मी त्याला सांगितलं. त्याला ते फारसं आवडलं नाही.

आणखी एक. शेतातली मुळं विकली जात नाहीत म्हटल्यावर काही जण उलट्या दिशेनं जातात, रानातली खणायला. पाला तोडला तर वेल फुटते, मुळं खणली तर वेल संपते. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत तर तो गुन्हाच आहे. दुकानदाराला रानातलं माल स्वस्त पडतं, म्हणून शेतातल्या मालाचा भावही पडतो, हे खणणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

काकांनी निम्मं शेत काढलं. सोलून वाळवलेला माल त्यांनी शहरातल्या काष्ठौषधीच्या एका दुकानाला दिला. भाव कागदावरच्या भावापेक्षा कमी मिळाला, पण वजन काट्यावर समोर झालं आणि पैसे त्याच दिवशी मिळाले. रोपं, तारा आणि मजुरी धरली तर अजून तोटाच आहे. वहीत मी तो मांडून दिलाय.

उरलेलं निम्मं तसंच उभं आहे. निघताना काकूंनी सांगितलं, त्यांच्या माहेरी, कणकुंबीकडे, पहिल्या पावसानंतर शतावरीचे कोवळे कोंब खुडून भाजी करायचे. कांदा, हिरवी मिरची, वरून ओलं खोबरं. कोंब बोटभर असताना खुडायचे, हातभर झाले की काटे धरतात. लग्न होऊन इकडे आल्यापासून केली नाही म्हणाल्या, कारण कुंपणावर एखादीच वेल असायची, भाजीपुरते कोंब निघायचे नाहीत.

"यंदा निघतील," काका म्हणाले. "जूनला या जेवायला."

मी होय म्हटलंय.